सांबाराचा निकाल

खोली भाड्यानं द्यायच्या आधी त्यांनी मला इडली खायला लावली होती.

रायपूर तेव्हा नुकतंच नव्या छत्तीसगढ़ची राजधानी झालं होतं. भोपाळहून आलेले अधिकारी, त्यांचे बाबू, त्यांच्या मागोमाग आलेले ठेकेदार, सगळे घरं शोधत फिरत होते. मीही त्या गर्दीत होतो. अमरावतीचा, सव्वीस वर्षांचा, एका सिमेंट कंपनीच्या नव्या कार्यालयात विक्री विभागात लागलेला. बूढ़ापाऱ्यात एका मराठी म्हाताऱ्याची वरची खोली रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून गेलो. दार उघडून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, गाव विचारलं, आणि खोली न दाखवताच पायांत चपला घातल्या.

"चाल. आधी नाश्ता करू."

दोन गल्ल्या ओलांडून आम्ही अण्णाच्या हॉटेलात गेलो. त्या हॉटेलला पाटी होती, नावही होतं, पण ते कुणी घेत नसे. आठ टेबलं, भिंतीला हिरवट ऑइलपेंट, आणि आतून येणारा इडलीच्या वाफेचा दमट वास. मी इडलीचे तुकडे करून सांबारात टाकले आणि चमच्यानं खाऊ लागलो. ते पाहत होते. माझं संपल्यावर त्यांनी मान हलवली.

"बुडवून मारली तू तिले," ते म्हणाले. "पण सॉस नाही मागितला. शिकशील. खोली घे."

माझ्या आधी आलेल्या एका चांगल्या पगाराच्या माणसाला त्यांनी नकार दिला होता. कारण काय, तर त्यानं मसाला डोशावर टोमॅटो सॉस ओतला होता.

मी त्यांना काका म्हणायचो. हॉटेलात सगळे त्यांना साहब म्हणत. ते माती तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथलं. लग्न केलं नव्हतं. भाऊ आधी भिलाईला आणि मग पुण्याला गेला, तो तिकडचाच झाला. महिन्यातून एकदा पुतण्याचा फोन यायचा. काका मराठीत विचारायचे, तो हिंदीत उत्तर द्यायचा, आणि मिनिटभरात "ठीक है, रखता हूँ" असं म्हणून फोन ठेवला जायचा. त्यानंतरही काका थोडा वेळ रिसीव्हर हातात धरून उभे असत.

प्रयोगशाळेत त्यांच्याविषयी सांगितलं जायचं की शेतकऱ्यानं आणलेली माती ते चिमूटभर जिभेवर ठेवत, थुंकत, आणि तपासणीचा कागद यायच्या आधीच तिचा गुण सांगत. हे खरं होतं का, मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "वासावरूनच कळते. जीभ नुसती खात्री करून घेते." छत्तीसगढ़ी शेतकऱ्यांनी मातीला दिलेली नावं ते माणसांना लावायचे. पाणी धरून ठेवणारी काळी ती कन्हार. मुरमाड, काही न टिकणारी ती भाटा. दोन्हींच्या मधली डोरसा. नवीन आलेले बहुतेक अधिकारी त्यांच्या लेखी भाटा होते. मला ते डोरसा म्हणाले. "पाऊस चांगला झाला तर पिकशील," असंही म्हणाले.

ते दोन्ही वेळा अण्णाकडेच जेवायचे. स्वयंपाकघराच्या दारालगतचं दुसरं टेबल त्यांचं. पंख्याखाली बसत नसत, अन्न निवतं म्हणून. घरून आणलेली स्वतःची स्टीलची वाटी. टेबलावर पेपर उघडलेला त्यांना चालत नसे. शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूस गप्पा मारत बसला तर ते शांतपणे त्याला सांगत, "भैया, डोसा आपके लिए रुकेगा नहीं." बाहेर पाटीवर 'साउथ इंडियन' लिहिलेलं त्यांना आवडत नसे. साउथ म्हणजे काय एक गाव आहे, असं विचारायचे.

अण्णाशी त्यांचा संबंध जुना. अण्णा उडुपीकडून तरुणपणी इथं आला तेव्हा त्याच्या इडल्या दगडासारख्या होत. लोक हसायचे. काकांनी त्याला आपल्या स्कूटरवर बसवून धमतरीच्या बाजूच्या एका गावात नेलं, गुरमटिया नावाचा जाड तांदूळ दाखवला, तो उकडून वाळवून, म्हणजे तिकडच्या भाषेत उसना, करून घ्यायला लावला. तेव्हापासून इडली जमली आणि हॉटेल चाललं. अण्णा हे विसरला नाही. रोज सकाळी सांबाराचं पहिलं पातेलं उतरलं की तो खांद्यावर पंचा टाकून काकांच्या टेबलापाशी उभा राही.

"साहब, सांबार?"

काका वाटीत बोट बुडवत, चाटत, वर बघत. मग निकाल सांगत. 'पास'. किंवा 'इमली ज्यादा'. किंवा 'आज जल्दी किया'. अण्णा आत जाऊन दुरुस्ती करी. तोवर बाकीच्यांना सांबार वाढलं जात नसे. नेहमीचे लोक थांबत. साठीतला तो एकटा माणूस त्या दोन मिनिटांत अख्ख्या हॉटेलचा मालक असल्यासारखा दिसायचा.

मी रोज त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. वेटर वाटीत सांबार घालून गेला की अण्णा यायच्या आधी ते माझ्यापुढे वाटी सरकवत आणि विचारत, "काय म्हणते तुही जीभ?" मी काहीतरी सांगे. मला वाटे, ते मला शिकवून राहिले आहेत.

एका आठवड्यात अण्णा गावी गेला होता. बदली आचारी होता. त्या सकाळी मला ऑफिसात लवकर जायचं होतं म्हणून मी आधी तिकडे जाऊन उशिरानं हॉटेलात आलो. रस्त्यावरच जळकट वास आला. डाळ खाली लागली होती. दारातून लोक परत फिरत होते. आत काका आपल्या टेबलावर बसले होते आणि त्यांची वाटी पुसल्यासारखी स्वच्छ होती.

वेटर हसत मला म्हणाला, "साहब ने आज ताना मारा. बोले, एकदम पास."

सगळ्यांना तो टोमणा वाटला. मीही हसलो असतो. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या नाकाकडे आलेला रुमाल पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. टोमणा मारलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. ते उठले, वाटी न धुता पिशवीत टाकली आणि निघून गेले.

संध्याकाळी ते स्वतःच माझ्या खोलीवर आले. मी आल्यापासून ते जिना चढून वर आले नव्हते. म्हणाले, तलावावर फिरून येऊ. बूढ़ा तलावाच्या कठड्यापाशी एका वळणावर ते थांबले.

"इथं पडलो होतो," ते म्हणाले. "स्कूटर घसरली. डोक्याच्या मागं चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी चहा घेतला तर नुसतं गरम पाणी. तीन वर्षं झाली. वास गेला माहा."

मी विचारलं, काहीच कळत नाही का. ते म्हणाले, मीठ कळतं, आंबट कळतं, तिखट झोंबतं, ऊन-गार कळतं. बाकी सगळं कापूस. डॉक्टर म्हणाला होता, येईल तर येईल. एकदा घरात गॅस चालू राहिला आणि त्यांना पत्ताच लागला नाही. समोरच्या घरातली दीदी धावत आली म्हणून वाचले. त्यानंतर त्यांनी सिलिंडर परत करून टाकलं.

"अण्णाले काहून नाही सांगितलं?" मी त्यांच्यासारखंच विचारलं.

ते पाण्याकडे वळले.

"मग तो सकाळी मले काय विचारन?"

इतके दिवस त्यांनी कसं निभावलं हे मग माझ्या लक्षात येत गेलं. ते लोकांचे चेहरे पाहत. अण्णाचा हात पाहत, तो कसा उभा आहे ते पाहत. चिंच आणि मीठ जिभेला कळत होतं, त्यावर ते वेळ मारून नेत. आणि मी आल्यापासून त्यांना मी होतो.

आम्ही करार वगैरे काही केला नाही. दुसऱ्या दिवशी वाटी माझ्यापुढे आली आणि मी नेहमीपेक्षा नीट चाखून नीट सांगितलं, एवढंच. पण 'मस्त आहे' म्हटलेलं त्यांना चालत नसे. "मस्त ही काही चव नाही," ते म्हणायचे. "आधी काय आलं, मग काय आलं, शेवटी काय राहिलं, ते सांग." मग मी सांगू लागलो. आधी हिंग. मग डाळ. मग धण्याचा खमंगपणा, आणि सगळं गिळून झाल्यावर मेथीचा कडवटपणा जिभेच्या मागे. ते डोळे मिटून ऐकत, आणि त्यांचा घास हळूहळू चावला जाई. रविवारी आम्ही थाळी घ्यायचो. रसम, डाळीतल्या भाजीचं कूटू, खोबऱ्याच्या वाटणातलं अवियल, शेवटी दहीभात. मी घासागणिक बोलत असे. मी उभ्या जन्मात इतकं लक्ष देऊन जेवलो नव्हतो. अमरावती सोडल्यापासून मी पोट भरत होतो फक्त, एकटा, पेपर वाचत. आता मला जेवणाची वाट पाहावीशी वाटू लागली. त्या शहरात माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि त्यांनाही, मला वाटतं, नव्हतं.

एकदा त्यांनी विचारलं, "कढीपत्त्याचा वास कसा असते, सांग बरं."

मी पान चुरगळून नाकाशी धरलं. हिरवा, असं म्हणालो. मग म्हणालो, थोडा लिंबाच्या पानासारखा, पण तसा नाही. मला सांगता येईना.

"राहू दे," ते म्हणाले. "मलेबी आठवत नाही आता."

साधारण दीड वर्ष असं गेलं. शहर वाढत होतं. पंडरीच्या बाजूला मोठमोठी दुकानं येत होती, आणि अण्णानं एका भागीदाराबरोबर तिकडे मोठा हॉल घेतला. वातानुकूलित, शंभर माणसं बसतील असा, नवे आचारी, नवी यंत्रं. जुनं हॉटेल तो बंद करणार होता. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी उद्घाटन ठरलं. अण्णानं येऊन सांगितलं, पूजा होईपर्यंत त्याचा उपवास असणार, तो तोंडात काही घालणार नाही. पहिली पंगत बसायच्या आधी सगळं साहबनं चाखायचं, साहब पास म्हणतील तेव्हाच ताटं बाहेर जातील.

काका त्याच्यासमोर हसून हो म्हणाले. तो गेल्यावर मला म्हणाले, "तू दिवाळीले जाशील तर सोमवारच्या आत येशील ना?"

मी म्हणालो, रविवारी रात्रीच निघतो. सकाळी इथं असेन.

"नक्की?"

"नक्की, काका."

अमरावतीत कॉलेजचे मित्र जमले होते. रविवारी सगळे चिखलदऱ्याला जायचं म्हणाले. मी आधी नाही म्हटलं. मग त्यांनी फार आग्रह केला, आणि मला वाटलं, एका चटणी-सांबाराचा तर प्रश्न आहे, काका काहीतरी निभावून नेतील. इतकी वर्षं निभावलंच की. त्यांच्या घरी फोन होता. मी फोनही केला नाही, कारण फोन केला असता तर मला त्यांचा आवाज ऐकावा लागला असता. मंगळवारी रायपूरला उतरलो.

काय झालं ते मला समोरच्या दीदीकडून कळलं. तिला निमंत्रण होतं, ती तिथं होती.

काका सकाळी सातपासून नव्या हॉटेलच्या फाटकापाशी उभे होते. स्टेशनकडून येणारी प्रत्येक ऑटो पाहत होते. आतून दोनदा बोलावणं आलं, तेव्हा गेले. नव्या स्वयंपाकघरात त्यांच्यापुढे दहा वाट्या मांडल्या होत्या. अण्णा हात जोडून उभा होता. नवे आचारी बघत होते. अण्णाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी आनंदाशिवाय काही नव्हतं, त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. काकांनी एकेक चाखलं आणि सगळं पास केलं.

खोबरं खवट होतं. घाऊक घेतलेल्या पोत्यांत कधीचं पडून होतं कोण जाणे. चटणीला, अवियलला, सगळ्याला तो वास होता, पण पूजेच्या धूप-कापरात स्वयंपाकघरात कुणाला तो जाणवला नव्हता. पहिल्या पंगतीला व्यापारी होते, दोन मोठे अधिकारी होते. ताटं परत आली तेव्हा इडल्या खाल्लेल्या होत्या आणि बाकी सगळं तसंच होतं. अण्णानं एक ताट नाकाशी नेलं. मग तो काकांपाशी आला आणि सगळ्यांसमोर, पण हळू आवाजात म्हणाला, "साहब, ये आपने पास किया?"

काकांनी हात जोडले. पंडरीहून बूढ़ापाऱ्यापर्यंत ते चालत घरी आले.

मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो तेव्हा ते पलंगावर बसून टपरीवरून मागवलेल्या चहात बिस्किट बुडवत होते. मी चिखलदऱ्याचं सांगितलं. खोटं सांगता आलं असतं, गाडी चुकली म्हणता आलं असतं, पण जमलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

"धुकं होतं काय तिकडं?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"मग ठीक," ते म्हणाले, आणि दुसरं बिस्किट घेतलं.

त्याच संध्याकाळी मी अण्णाकडे गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. तलावावरचं वळण, टाके, रोज माझ्यापुढे सरकणारी वाटी, माझं न येणं. मला वाटलं होतं तो विरघळेल. तो गल्ल्यामागे उभा होता, त्याच्या हातात पुसायचं फडकं होतं, आणि ते त्यानं चार वेळा घडी करून चार वेळा उलगडलं. म्हणाला, इतकी वर्षं त्यांच्या बोलण्यावर मी चिंच कमी-जास्त करत राहिलो. माझी स्वतःची जीभ मी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मुझे बोल देते. मैं क्या उनको निकाल देता?"

तो रागावला नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पंधरा दिवस काका अण्णाकडे गेले नाहीत. बसस्टँडजवळच्या एका भोजनालयात भिंतीकडे तोंड करून जेवत. मी बरोबर येऊ का विचारलं की "नको, तुले उशीर होईल" म्हणत. मी पार्सल आणलं तर घेत, आभार मानत, आणि माझ्यासमोर उघडत नसत. एकदा फक्त म्हणाले, "तू आला नाहीस ते बरंच झालं. नाहीतर मरेपर्यंत तुह्या जिभेनं जेवत राहिलो असतो."

मग एका दुपारी अण्णा आला. जिन्याखालच्या बाकावर दोघं बसले. मी वरच्या पायरीवर होतो, त्यांनी मला जायला सांगितलं नाही. अण्णानं विचारलं, काही कळत नव्हतं तर रोज येत का होता.

"घर में कोई है नहीं," काका म्हणाले.

अण्णानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आइए ना. कुछ बोलना नहीं है. बस खाना है."

काका गेले. दुसऱ्याच दिवशी, धुतलेला सदरा घालून. मी त्यांच्याबरोबर होतो. गार हॉल, गुळगुळीत टेबलं, हॉलभर चमच्यांचा आवाज. खोबऱ्याची गोष्ट लोक तोवर विसरले होते, हॉटेल भरलेलं होतं. अण्णानं गल्ल्यावरून उठून नमस्कार केला, चांगली जागा दिली, आणि परत गल्ल्यावर गेला, कारण रांग लागली होती. सांबार आलं. सगळ्यांच्याबरोबर, एकाच वेळी. काकांनी घरून वाटी आणली नव्हती. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं. ते शांतपणे, संपूर्ण जेवले. पैसे दिले. बाहेर उन्हात आल्यावर म्हणाले,

"चांगला माणूस आहे अण्णा. कन्हार. पण आता मी गिऱ्हाईक झालो."

त्यानंतर मी आणखी सहा महिने तिथं होतो. ते कधी अण्णाकडे जात, कधी नाही. मला नागपूरला बदली मिळाली, मी ती मागून घेतली होती. निघायच्या दिवशी ते स्टेशनवर आले नाहीत. दारातूनच म्हणाले, "एकटा जेवत जाऊ नको." मी हो म्हणालो. मी पत्र लिहीन असंही म्हणालो. दोन लिहिली.

तीन वर्षांनी समोरच्या दीदीचा फोन आला. काका झोपेतच गेले होते. पुण्याहून पुतण्या विमानानं येऊन सगळं उरकून परतलाही होता, म्हणून तिनं मला उशिरा कळवलं. मी विचारलं, आणखी कोण कोण आलं होतं. ती म्हणाली, गल्लीतले आले, प्रयोगशाळेतले दोन म्हातारे आले, आणि अण्णा आला. हॉटेल बंद ठेवून आला होता. मारवाडी श्मशानाच्या बाहेर एका बाजूला उभा राहिला. सगळे परत निघाले तेव्हा तो तिच्याजवळ आला आणि एवढंच विचारलं, की आदल्या रात्री साहबनी काय खाल्लं होतं.

दीदीला माहीत नव्हतं. तिनं पुतण्याकडे पाहिलं. त्यालाही माहीत नव्हतं. अण्णानं मग गल्लीतल्या प्रत्येकाला विचारलं, आणि कुणालाच ते सांगता आलं नाही.